एकोणीस मार्क

बदकाच्या पोटात कांदा किती भरायचा, यावरून इन्शिराहच्या घरात आजवर दोन साखरपुडे मोडता मोडता वाचले होते. पण त्या शुक्रवारी कांदा कसा झालाय हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळे शुरूककडे बघत होते आणि शुरूक आपल्या ताटाकडे.

वगदीच्या या पंधरा वर्षांच्या लेकीने नववीच्या सरकारी परीक्षेत दोनशे ऐंशीपैकी दोनशे एकसष्ट मार्क मिळवले होते. एवढ्या मार्कांवर दुमयात शहरातली कुठलीही जनरल शाळा हसत प्रवेश देते. तिथून तीन वर्षांनी विद्यापीठ, आणि नशिबात असेल तर मेडिकल. पोरगी रांगत होती तेव्हापासून गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणत आली होती. तसं आमच्या गल्लीत ज्याला कुणी डॉक्टर किंवा इंजिनियर म्हणून हाक मारली नाही, असं मूल अजून जन्मलेलं नाही. पुढे त्यातले बहुतेक जण लाकडाला रंधा मारतात, ती गोष्ट निराळी. निकाल लागला त्या दिवशी कौसरने, म्हणजे शुरूकच्या आईने, चारही मजल्यांवर सरबत वाटलं होतं. आणि त्यानंतर तीनच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की त्यांना तिजाराला जायचंय.

तिजारा म्हणजे व्यापाराची शाळा. तीन वर्षं विक्री, पत्रव्यवहार, जमाखर्च, टायपिंग. शेवटी हातात एक डिप्लोमा. तिथे कुणी ठरवून जात नाही. मार्क कमी पडले की माणूस तिथे आपोआप पोचतो, आणि पोचला की नातेवाईक विषय बदलतात. दोनशे एकसष्ट मार्कांची मुलगी तिजाराला जाते म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असणार, नाहीतर घरात पैसा संपलेला असणार. गल्लीला यातलं दुसरं जास्त पटलं होतं, आणि कौसर दोन दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली नव्हती.

"मी फक्त एवढंच विचारतो," राफत म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं काहीही न विचारता बोलत राहिला.

राफत हा घरातला मोठा. मोठा म्हणजे बहिणीपेक्षा पंधरा मिनिटांनी. तो आणि बुसैना जुळे. पण त्या पंधरा मिनिटांवर त्याने सत्तावन्न वर्षं मोठेपणा केला होता. तो कैरोत इंजिनियर. तिथून फोनवर तो दुमयातच्या घराचं छप्पर, आईची औषधं आणि वगदीचं सुतारकामाचं वर्कशॉप, सगळं चालवायचा. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात, असं बुसैना त्याला तोंडावर सांगायची. आज तो उंटावरून उतरून स्वतः आला होता, कारण रविवारी अर्ज भरायची शेवटची तारीख होती.

कौसर आज त्याच्या बाजूने होती, हे एक नवलच. वर्कशॉपच्या वाटणीपासून ती या दिराशी ईदच्या शुभेच्छांपलीकडे बोलत नव्हती. आज मात्र तिने बदकाची छाती त्याच्या ताटात वाढली होती आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. वगदीने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. खुर्चीच्या पाठीवर द्राक्षाचा वेल कोरायला सांगा, पानावरची शीर न् शीर दाखवील, पण चार माणसांत मत दे म्हटलं की याचे हात थंड पडतात. आणि इन्शिराह आजी टेबलाच्या टोकाला बसून नेहमीप्रमाणे कमी ऐकू येत असल्याचं दाखवत होती.

राहिली बुसैना. तिची पर्स तिच्या पायाशी होती, आणि ती पर्स पायाने चाचपून बघायची खोड तिला गुरुवारपासून लागली होती. कारण शुरूकची फाइल त्या पर्समध्ये होती.

जन्माचा दाखला, गुणपत्रिका, सहा फोटो, सगळं अस्सल. ज्या शाळेत ही फाइल जमा होते, मुलगी त्या शाळेची होते, आणि एकदा जमा झालेली फाइल परत काढायची तर चपला झिजवाव्या लागतात. राफतने बुधवारी फोन करून सांगितलं होतं: तू सरकारी बाई, तुला खिडक्या ठाऊक, जुन्या शाळेतून फाइल उचल आणि जनरलला नेऊन दे, पोरीला कळायच्या आत. बुसैनाने फाइल उचलली. पण जुन्या शाळेतून कुणीतरी कळवलं असावं, जनरलच्या दारात शुरूक तिच्या आधी येऊन उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, "आत्या, उद्यापर्यंत थांब. सगळे बसतील तेव्हा मला बोलू दे." बुसैना थांबली, आणि राफतला सांगितलं की सिस्टिम बंद पडली होती. जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कचेरीत ती हे वाक्य दिवसातून वीस वेळा लोकांना ऐकवायची. घरच्या माणसावर वापरायची ही पहिलीच वेळ होती. त्याने विश्वास ठेवला, याचंच तिला वाईट वाटत होतं.

खरं सांगायचं तर बुसैनाला स्वतःलाही पोरीने जनरललाच जावं असं वाटत होतं. तिजाराचा डिप्लोमा तिच्याकडे होता. घरात तो तिच्या एकटीकडेच होता.

"तूच सांग तिला," राफत शेवटी तिच्याकडे वळला. "तू जाऊन आलीस तिथे."

बुसैना तोंड उघडणार तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला.

मन्सूराकडच्या एका गावातून लग्नाचं लाकडी सामान घ्यायला माणसं आली होती. दुमयातला शुक्रवारी हेच चालतं. मिनीबस भरून माणसं येतात: नवरीची आई, मावश्या, मामा, आणि सगळ्यांच्या मागे, आपल्याशी याचा काही संबंध नसल्यासारखी, नवरी. वगदी हात पुसत खाली धावला. राफत त्याच्यामागे गेला, कारण वगदीला विकता येत नाही हे त्याचं जुनं दुखणं होतं. शुरूक गेली. बुसैनाही गेली, पर्स घेऊन.

वर्कशॉपच्या दारातच वगदीचा नवा नीश उभा होता. नीश म्हणजे काचेचं मोठं कपाट. त्यात नवरीच्या चिनी कपबश्या मांडतात आणि तिला नातवंडं झाली तरी त्यातून कुणी चहा पीत नाही. यावर वगदीने तीन आठवडे काम केलं होतं. नवरीच्या आईने नक्षीवरून, मग काचेवरून बोटं फिरवली, तिचे डोळे चमकले, आणि वगदी लगेच म्हणाला, "मागच्या फळीला एक गाठ आहे बरं का, आधीच सांगून ठेवतो." राफतने कपाळाला हात लावला आणि सावरून घ्यायला म्हणून लाकडातला ओलावा, सांध्यांवरचा ताण असलं काहीतरी सुरू केलं. मामा जांभई द्यायला लागले.

तेव्हा शुरूक पुढे झाली. ती नवरीच्या आईकडे गेलीच नाही. मागे उभ्या नवरीकडे जाऊन तिने विचारलं की तुमचा हॉल केवढा आहे. नवरी दचकली. सकाळपासून पाच दुकानं झाली होती आणि तिला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. तीन मीटर बाय साडेतीन, ती म्हणाली.

"मग नीश घेऊच नका," शुरूक म्हणाली. "त्यात कपबश्या राहतील, पण तुम्ही कुठे राहाल?"

नवरी खुदकन हसली. बुसैनालाही हसू आलं, पण नवरीच्या आईचा चेहरा बघून ते तिने गिळलं. बाईच्या मानेची शीर ताठ झाली होती. लग्नाआधी सामान उघड्या गाडीतून जातं तेव्हा सगळं गाव दारात उभं राहून बघतं, आणि ज्या गाडीत नीश नाही त्या गाडीबद्दल पुढची दहा वर्षं बोलतं.

"तुझ्या आईला तुझ्या लग्नात नीश द्यायचा नसेल तर नको देऊ दे," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या मुलीला मी रिकाम्या गाडीतून पाठवणार नाही."

सगळी वरात समोरच्या दुकानात गेली. नवरीने जाताना एकदा मागे वळून पाहिलं. वगदी नीशच्या काचेवरचा तिच्या आईच्या बोटांचा ठसा फडक्याने पुसत राहिला.

वर आल्यावर राफत बोलला. त्याने आवाज चढवला नाही, पण समाधान लपवलंही नाही. म्हणे, झालं ना? व्यापार व्यापार म्हणतेस, आलेलं गिऱ्हाईक समोरच्याला नेऊन दिलंस. कौसरने बदक पुन्हा गरम करायला नेलं, आणि स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच आपटल्याचे आवाज आले.

शुरूकचे कान लाल झाले होते. "मी चुकले," ती म्हणाली. "राहणार नवरी होती, पण मान आईचा होता. आधी आईशी बोलायला हवं होतं. लहान हॉलचा नीश बाबा करू शकतात, आईला तो दाखवायला हवा होता. हे सगळं मला जिन्यात सुचलं, काका. खाली सुचलं नाही."

"म्हणूनच म्हणतो..."

"म्हणूनच शिकायचंय मला. बाबांना येत नाही. तुम्हालाही येत नाही, मामा जांभया देत होते. मग मी कुठे शिकू? बाबांसारखी खुर्ची अख्ख्या गल्लीत कुणी करत नाही, आणि समोरचा माणूस तीच खुर्ची आपल्या नावाने कैरोत विकतो. तुमच्या घरात जी आहे ना काका, ती बाबांनी केलीय. तुम्ही ती दुकानातून घेतलीत."

राफतला हे माहीत नव्हतं. वगदीला माहीत होतं, आणि तो आता जमिनीकडे बघत होता.

बुसैनाला वाटलं, आता बोललंच पाहिजे. तिने शुरूकला जवळ बसवलं आणि तिला खरंखुरं जे वाटत होतं ते सांगितलं. मीही तिथे विक्री शिकले, पत्रं लिहायला शिकले, न बघता टाइप करायला शिकले. मग सहा वर्षं सरकारी नेमणुकीच्या पत्राची वाट बघितली, आणि पत्र आल्यावर तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या जन्मावर आणि मरणावर शिक्के मारले. शिकलेलं एक अक्षर वापरलं नाही. कुणी शिक्षण विचारलं की अजून मी "डिप्लोमा" हा शब्द हळू आवाजात म्हणते. तू हुशार आहेस. तुला दुसरी वाट मोकळी आहे. स्वतःच्या पायांनी तिथे जाऊ नकोस.

शुरूकने सगळं ऐकून घेतलं. आत्याचा हात तिने सोडला नव्हता.

"तुला पाठवलं होतं, आत्या," ती म्हणाली. "मी जातेय."

बुसैनाला आधी राग आला, पोरीचा. मग कळलं की राग पोरीचा नव्हता. बेचाळीस वर्षं तिने ही गोष्ट इतकी नीट घडी घालून ठेवली होती की ती आपलीच आहे हेसुद्धा ती विसरली होती. त्या वर्षी या घरातून दोन मुलं एकाच परीक्षेला बसली होती. एकाच्या खाजगी शिकवण्या झेपतील एवढीच बापाची ऐपत होती, आणि मुलीला तीन वर्षांत सरकारी नोकरी लागली की झालं, असं ठरलं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, तिला आठवत नव्हतं. एका सकाळी तिच्या हातात तिजाराचा निळा गणवेश होता.

"मला तुझ्यापेक्षा अठरा मार्क जास्त होते," ती राफतला म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. एवढ्या वर्षांत हे वाक्य एकदा तरी मोठ्याने ऐकावं म्हणून.

राफतने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकोणीस," तो म्हणाला.

तिचा हात शुरूकच्या हातातून सुटला.

"एकोणीस होते. मला रोज आठवतं. कॉलेजात नापास व्हायची वेळ आली की आठवायचं, इंजिनियरसाहेब म्हणून कुणी हाक मारली की आठवतं." त्याने टेबलावरचा चष्मा पुन्हा उचलला. "म्हणूनच तर या पोरीने तिकडे जावं म्हणतो मी. तू गेली असतीस तिकडे."

बुसैनाला एकाच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी आणि त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. सत्तावन्न वर्षांचा हा ढेरपोट्या माणूस तिच्यासाठी भांडत होता, आणि तिचं नाव न घेता भांडत होता. पण ज्या गोष्टीची भरपाई करायला तो निघाला होता, तीच तो पुन्हा करत होता.

"मग पुन्हा एका मुलीला न विचारताच पाठवणार का, राफत?" ती म्हणाली. "फक्त शाळा बदलून?"

टेबलाच्या टोकाकडून आवाज आला तेव्हा सगळ्यांनाच विसर पडला होता की तिथे कुणी बसलंय.

"मी ठरवलं होतं," इन्शिराह आजी म्हणाली. ऐकू तिला सगळं येत होतं. "तुमच्या बापाला दोघांना पाठवायचं होतं. मी म्हटलं, झेपणार नाही. गणवेश मीच शिवून आणला." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, उलगडलं. "मला वाटलं तू रडशील, बुसैना. रडली असतीस तर मी बांगड्या मोडल्या असत्या. तू रडली नाहीस, म्हणून मला वाटलं तुला चालतंय."

कौसर स्वयंपाकघराच्या दारात बदकाचं ताट घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सरळ आपल्या मुलीला विचारलं, तुला नक्की जायचंय का. शुरूकने मान डोलावली. लोक काय म्हणतील ते मलाच ऐकावं लागणार आहे, कौसर म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसून भात वाढायला लागली. याला होकार म्हणायचं हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

"फॉर्मवर सही बापाची लागते ना?" वगदीने विचारलं. सकाळपासूनचं हे त्याचं दुसरं वाक्य. पहिलं गाठीबद्दल होतं. "मग मी करतो."

बुसैनाने पर्स उघडून फाइल टेबलावर ठेवली. सिस्टिम काही बंद पडली नव्हती, हे राफतच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि आपली बहीण सरकारी नोकरीत उगाच राहिलेली नाही असं म्हणाला. त्याला पटलेलं मात्र काहीच नव्हतं, हेही त्याने दोनदा सांगितलं.

पटलेलं नव्हतं, तरी तो कैरोला परत गेला नाही. रविवारी सकाळी त्यानेच गाडी काढली. पुढे वगदी, इस्त्रीचा शर्ट घालून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा. मागे शुरूक आणि बुसैना. रस्त्यात राफतने दोनदा जनरल शाळेच्या दिशेला गाडी हळू केली, आणि दोन्ही वेळा मागून कुणी काही न बोलताच पुढे नेली.

मुलींची तिजारा अजून त्याच जुन्या इमारतीत होती. फाटकाचा रंग बदलला होता, जिन्याच्या पायऱ्या आणखी झिजल्या होत्या. वगदीने खिडकीशी उभं राहून जपून सही केली. खिडकीमागच्या बाईंनी फाइल उघडली, मार्क बघितले, चष्मा वर करून पुन्हा बघितले. म्हणाल्या, तुमची चूक झालीय, जनरलची शाळा पुढच्या चौकात आहे. वगदीने सांगितलं, चूक नाही. त्या त्याच्याकडे, मग राफतकडे बघत राहिल्या. दोन पुरुष आणि मधे एक गप्प मुलगी. मग खुर्चीवरून उठून दाराबाहेर आल्या आणि बुसैनाला बाजूला घेऊन गेल्या.

"ताई, राग मानू नका," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या मार्कांची मुलगी इथे आली की मी विचारतेच. घरच्यांची जबरदस्ती नाही ना?"

याच दारात, निळ्या गणवेशात, बुसैना बापाचा हात धरून उभी होती तेव्हा खिडकीमागे कुणीतरी बसलेलं असणारच. त्या माणसाने नुसती मान वर करून एवढं विचारलं असतं तर ती रडली असती. नक्की रडली असती, आणि ते आईच्या कानावर गेलं असतं.

"मला काय विचारता," ती कशीबशी म्हणाली. "ती उभी आहे ना तिथे. तिलाच विचारा."

बाईंनी शुरूकला जवळ बोलावून विचारलं. शुरूकने सांगितलं, मला यायचंय, आणि का यायचंय तेही सांगायला लागली. बाई हसत हसत ऐकत होत्या. बुसैनाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि शेजारी उभा राफत रुमाल सापडत नाही म्हणून एकेक खिसा उलटा करत होता.